एकसष्टचा कोरा रकाना

पनवेल-रोहा मार्गावर पेण सुटलं की पुढचं स्टेशन कासू, मग नागोठणं. या पट्ट्यातल्या पोरांना कबड्डी आधी कळते, कुस्ती नंतर. तरीही जत्रेच्या फडात उतरणारी घरं इथे आहेत, आणि अशा घरातला पोरगा कॉलेजात गेला की त्याची पहिली गाठ वजनकाट्याशी पडते. फडात त्याला कोणी किलो विचारलेले नसतात. कॉलेजात तेच आधी विचारतात.

पुढचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातला पेच खरा आहे. तो दर हंगामाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात उभा राहतो. काका लाल मातीत वाढलेले, आता भातशेती सांभाळून संध्याकाळी पोरांना डाव शिकवणारे. पुतणी रोज गाडीने कॉलेजला जाणारी, शारीरिक शिक्षण शिकवणारी. म्हातारा माणूस संघाच्या शिस्तीची बाजू घेईल आणि तरुण मुलगी एकेकाच्या मर्जीची, असं कुणाला वाटेल. इथे उलटं आहे, आणि त्याला कारण आहे. मातीच्या कुस्तीत संघ कधी नव्हताच. संघ आला तो कॉलेजबरोबर.

वाद ज्याच्यावरून आहे तो शेजारचा पोरगा. वजन ६६.५ किलो. त्याला खेळायचंय ६५ ला. तिथे कॉलेजकडे गेल्या वर्षी पदक आणलेला एक जण आधीच आहे. ६१ ला कोणी नाही, ७० लाही नाही. स्पर्धा तीन आठवड्यांवर.

पुतणी: काका, ६५ सोडू नकोस असं तुम्ही त्याला सांगितलंत?

काका: सांगायला तो विचारायला आला कुठे? परवा रात्री शेतावर पोपटी लावली होती. मडकं उघडलं तशी वालाच्या शेंगांवर, अंड्यांवर सगळी पोरं तुटून पडली. हा एकटा बांधावर बसलेला. तोंडात च्युइंगम, हातात पाण्याची रिकामी बाटली, आणि घडीघडी त्या बाटलीत थुंकतोय. म्हटलं, दात दुखतो का रे? तर म्हणाला, नाही, वजन उतरवतोय. भांबुर्ड्याचा वास सगळ्या शेतात पसरलेला, आणि त्याने एक शेंग सोलली नाही. बाटली मात्र चार बोटं भरली होती.

पुतणी: थुंकायला मी नाही सांगितलं.

काका: तू आकडा सांगितलास, बाय. आकड्यापर्यंत कसं पोचायचं ते पोरं एकमेकांकडून शिकतात. आज थुंकतोय, उद्या रेनकोट घालून दुपारी पळेल, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी सोडेल. पहिल्यापासून सगळ्यांनी हेच केलंय.

पुतणी: मग माझी बाजूही ऐकून घ्या. फ्रीस्टाईलचे गट दहा. ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५. प्रत्येक गटात जो क्रमांक येतो त्याचे गुण संघाच्या खात्यात पडतात. जागतिक स्पर्धेतही तसंच आहे. पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, कांस्य घेणाऱ्या दोघांना पंधरा-पंधरा. माझ्याकडे पैलवान सहा. ६५ ला आमच्याकडून एकच नाव जाणार. दोघं तिथेच अडून बसले तर एक जण घरी बसतो आणि ६१ चा रकाना कोरा जातो. कोऱ्या रकान्याला गुण नसतात.

काका: गुणांचं काय लोणचं घालायचंय?

पुतणी: गुणांवर संघाचा क्रमांक, आणि क्रमांकावर पुढच्या वर्षी खेळाला पैसे किती मिळणार ते ठरतं. आमची मॅट जुनी आहे, सांध्यांवर फाटलेली. पोरांचे पाय अडकतात त्यात. संघ खाली गेला की क्रीडा विभागाला कोणी विचारत नाही, मग पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला मॅटही नाही आणि प्रवासखर्चही नाही. त्या न आलेल्या मुलाचा विचारही मलाच करायचा असतो. आणि यात ह्याचंही भलं आहे. ६५ ला गेल्या वर्षीचा पदकवाला ह्याला सरावात दहातून सात वेळा खाली घेतो. ६१ ला वाट मोकळी आहे. तिथून विद्यापीठाच्या संघात गेला, पुढे राष्ट्रीय स्पर्धेत पदक आलं, तर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचं दार उघडतं. गावात त्याच्यासाठी दुसरं कुठलं दार उघडं आहे, सांगा.

काका: फडात जोड कशी लावतात ते तू लहानपणी पाहिलंयस. पंच दोघांना समोरासमोर उभं करतात. मान, खांदे, मांड्या, हातावर हात देताना पकड कशी आहे, सगळं नजरेने जोखतात. काटा कोणी आणत नाही. नारळावरच्या पोरांपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हेच. आणि एखाद्याला वाटलं की समोरचा आपल्याला भारी आहे, तर तो 'ही जोड नको' म्हणतो आणि बाजूला होतो. त्याला कोणी हसत नाही. तुझ्या रकान्यात 'नको' म्हणायची सोय आहे का?

पुतणी: फडाचं इतकं कौतुक करू नका. हलक्या अंगाच्या पैलवानाला फडाने काय दिलं? सुरुवातीच्या चिल्लर कुस्त्या. लोक थांबतात ते शेवटच्या जोडीसाठी, आणि शेवटची जोड दणकट अंगाचीच असते. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो. त्याच अधिवेशनात ५७ आणि ६१ किलोचेही विजेते होतात. त्यातल्या एकाचं नाव सांगा बघू. गदा मोठ्या अंगाला, नाव मोठ्या अंगाला. वजनगट आले म्हणून लहान अंगाच्या पोराला मैदान मिळालं. नुसती माती असती तर खाशाबा जाधवांना ऑलिंपिक दिसलं असतं?

हा तिचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वजनगटाला आपण बंधन म्हणून पाहतो, पण तो मुळात हलक्यांसाठी बांधलेला आडोसा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा बुटका पैलवान १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट गटात सहावा आला, तो त्या आडोशामुळेच. गटच नसते तर त्याच्यापुढे कोण उभं राहिलं असतं याची कल्पना करून पाहावी. काकांना मात्र खाशाबांची दुसरीच गोष्ट सांगायची होती.

काका: खाशाबांचं नाव काढलंस ते बरं केलंस. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तर खेळाच्या शिक्षकाने अंगलट बघूनच परत पाठवलं, असं सांगतात. पोरगा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेला. त्यांनी उतरू दिलं, आणि ह्याने आपल्याहून मोठमोठी अंगं आडवी केली. शिक्षकाने संघाचंच हित बघितलं असेल. पण पोराच्या अंगात काय आहे ते शिक्षकाच्या वहीत नव्हतं.

पुतणी: आणि त्याच खर्डेकरांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेही कॉलेजच होतं, काका.

काका: हेच तर मला म्हणायचंय. त्या कॉलेजने आधी दिलं. तुझं कॉलेज आधी मागतंय. पाच किलो मागतंय, आणि देतंय काय? टी-शर्ट.

पुतणी: बरं, पण वजनाचं बोला. खाशाबा लंडनला फ्लायवेट होते. हेलसिंकीला ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये उतरले आणि कांस्य आणलं. फ्लायवेटला भारताकडून निरंजन दास होते. म्हणजे एकाने वरचा गट घेतला आणि दोघं गेले. संघ असाच बसवतात.

काका: वरचा घेतला, बाय! खालचा आकडा धरून बसले नाहीत. चार वर्षांच्या मेहनतीनंतर वर गेले. तू तीन आठवड्यांत खाली ढकलतेयस. चढण्यात आणि उतरण्यात फरक आहे. चढताना माणूस खातो.

इथे दोघं थोडा वेळ दुसरीकडे वळले. काकांनी हेलसिंकीची ती कुस्ती काढली, जिची हळहळ महाराष्ट्रात अजून निघते. जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली लढत झाल्यावर नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेकोवपुढे खाशाबांना लगेच उभं केलं, आणि आपल्या बाजूने हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. काकांचं म्हणणं, संघ लागतो तो अशा वेळी. आपल्या पोराच्या वतीने चार शब्द बोलायला. गुण मोजायला कारकून पुरतो. पुतणीने हे खोडलं नाही. तिने फक्त विचारलं, मग आपल्या पोराच्या वतीने बोलणारा माणूस स्पर्धेत न्यायचा तर संघ पाठवावा लागेल की नाही? एकट्या पोराबरोबर कोण जातं?

काका: ते सोड. विनेश फोगाटचं काय झालं ते सांग.

पुतणी: तिने स्वतः ठरवलं होतं.

काका: ठरवलं होतं? ती ५३ ची. टोकियोला ५३, २०२२ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, तेही ५३ मध्ये. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन परत येईपर्यंत ५३ ची ऑलिंपिकची जागा अंतिम पंघालने आणलेली होती. राहिलं काय? ५०. पॅरिसला ६ ऑगस्टला एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. पहिलीच कुणावर? जपानच्या सुसाकीवर. परदेशी पैलवानाकडून सुसाकी तोवर हरलीच नव्हती. आणि रात्री काट्यावर विनेश अडीच किलोंहून जास्त. रात्रभर पळाली, केस कापले, आणि ७ तारखेला सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले. फायनल गेली, पदक गेलं, यादीत शेवटचा नंबर. १४ ऑगस्टला लवादानेही अर्ज फेटाळला. तू म्हणतेस तिने ठरवलं. जागा एकच उरली असताना माणूस जे ठरवतो त्याला मी मर्जी म्हणत नाही.

पुतणी: पण कोणी तिला ५० ला ढकललं नव्हतं. मार्च २०२४ च्या पतियाळाच्या चाचणीत ती ५० आणि ५३ दोन्हीत उतरली होती. तिला ऑलिंपिक हवं होतं आणि वाट तीच होती. तिची ती झेप तुम्ही तिच्याकडून काढून घेऊ नका. मोठी बाई आहे, तिला तिचं शरीर कळत होतं.

काका: तिला कळत होतं, मान्य. अठरा-एकोणीसच्या पोराला कळतं?

काकांच्या या प्रश्नात सगळा विषय आहे, म्हणून इथे मला माझं मत सांगायचं आहे. कॉलेजच्या संघात मुलाला विचारतात, 'उतरशील का रे?' आणि तो 'हो मॅडम' म्हणतो. हे 'हो' आपण त्याची इच्छा समजतो. त्या 'हो'मागे काय असतं? 'नाही' म्हटलं तर संघात नाव नाही, बाईंची मर्जी गेली, सवलतीचे गुण गेले, गाडीत बसून स्पर्धेला जाणाऱ्या मित्रांकडे स्टेशनवर उभं राहून बघावं लागणार. हे सगळं एका पारड्यात आणि पाच किलो दुसऱ्यात. पोर पाच किलोच निवडणार. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'वर संघ उभा करू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून 'तू कोणत्या गटात?' हा प्रश्न स्पर्धेच्या तोंडावर विचारणंच गैर आहे. तो जूनमध्ये, कॉलेज उघडल्यावर, नावं पडायच्या कितीतरी आधी विचारायचा असतो. तेव्हा नकाराची किंमत शून्य असते.

मुलींच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्या मुलीची पाळी चुकते, कधी महिनोन्महिने येत नाही, हाडं कमजोर होतात. पुरुष प्रशिक्षक विचारत नाही, मुलगी सांगत नाही. ५३ ची ५० ला गेली आणि पदक घेऊन आली की घरी पेढे वाटले जातात. खेळाच्या शिक्षिका कॉलेजात असाव्यात याचं हे एक कारण मला पुरेसं वाटतं.

पुतणी: तुम्हाला फक्त बुडालेली जहाजं दिसतात. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावत. ८ ऑगस्टला उपांत्य फेरी हरला तेव्हा वजन ६१.५. सकाळपर्यंत ५७ त बसायचं होतं. दहा तासांत ४.६ किलो उतरवलं. एकट्याने? प्रशिक्षक रात्रभर त्याच्याबरोबर जागे होते. ट्रेडमिल, गरम पाण्याची आंघोळ, सौना, मालिश. आणि दुसऱ्या दिवशी एकविसाव्या वर्षी ऑलिंपिक कांस्य. संघ म्हणजे हे.

काका: आणि सप्टेंबर २०२५ ला झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत? काट्यावर १.७ किलो जास्त. एक कुस्ती न खेळता बाद. तोच अमन, तेच ५७, तेच प्रशिक्षक. काटा एकदा साथ देतो, दर वेळी देत नाही. त्यापेक्षा आपला राहुल आवारे बघ. पाटोद्याचा. २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण ५७ मध्ये. ५७ ला रवी दहिया आला. राहुल ६१ ला गेला आणि २०१९ मध्ये नूर-सुलतानला जागतिक कांस्य घेतलं. वर गेला आणि जिंकला.

पुतणी: ६१ ऑलिंपिकमध्ये नाही, काका. तिथे पुरुषांचे सहाच गट. ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. वर गेला, पदक आलं, आणि टोकियोचं विमान रवीने पकडलं. रौप्य घेऊन आला. प्रत्येक गटाची किंमत सारखी नसते, हे तुम्ही पोराला सांगणार का?

काका काही बोलले नाहीत. आवारेचं नाव घेताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो खरा होता, आणि पुतणीचं उत्तरही खरं होतं. अंगाला मानवणारं वजन आणि जगाने मोजायला घेतलेलं वजन एकच असेल असं नाही. ज्याचं अंग ६१ चं आहे त्याला ऑलिंपिकचे सहा गट बनवणाऱ्यांनी आधीच कात्रीत धरलेलं आहे. त्यात कॉलेजचा दोष नाही, पोराचाही नाही.

काका: बरं. मग माझं सरळ म्हणणं ऐक. दोघांची चाचणी लाव. जो जिंकेल तो ६५.

पुतणी: चाचणी! २०१६ ला तुम्ही काय म्हणत होतात आठवतंय? सुशीलकुमार ७४ साठी चाचणी मागत होता. दोन ऑलिंपिक पदकं त्याच्याकडे. जागा नरसिंग यादवने लास वेगासला कांस्य घेऊन आणलेली. सुशील दिल्ली उच्च न्यायालयात गेला, जून महिन्यात न्यायालयाने नकार दिला, तेव्हा तुम्ही पारावर बसून सांगत होतात की ज्याने जागा आणली त्याचीच जागा, आपल्या तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या पोरावर अन्याय नको. आज ज्याने गेल्या वर्षी पदक आणलं त्याला पुन्हा चाचणीला उभं करताय?

काका: तेव्हाही बरोबर बोललो, आताही बरोबर बोलतोय. नरसिंगने आणलेली जागा त्याच ऑलिंपिकची होती. पुढे रिओत तो मॅटवर गेला नाही ती वेगळीच कहाणी. तुझ्या पोराचं पदक गेल्या हंगामाचं आहे. गेल्या वर्षीच्या भातावर यंदाची कणगी भरत नाही. दर हंगामाला चाचणी. आणि ती होणार हे आधी सांगून.

पुतणी: ती मी लावते. पण हरणाऱ्याला तुम्ही घरी बसवणार, आणि मी त्याला ६१ ला उतरवणार.

काका: किती दिवसांत उतरेल? मोजलंस?

तिने मोजलं नव्हतं. मग पाठकोऱ्या कागदावर मांडायला बसली. ती करत होती ते गणित अमेरिकेतल्या कॉलेजांनी फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिन्याभरात, तिथले तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी कपडे घालून तापलेल्या खोलीत व्यायाम, पाणी बंद. तिथली कॉलेज कुस्ती संघांच्या थेट सामन्यांची असते, दहा गटांत दहा पैलवान, आणि एखादा गट रिकामा सोडला की प्रतिस्पर्ध्याला सहा गुण फुकट. म्हणजे रिकाम्या रकान्याचा दाब आपल्यापेक्षा तिथे कितीतरी जास्त. तरी त्यांनी नियम बदलले. रबरी कपडे, सौना, लघवी-जुलाबाच्या गोळ्या बंद. वजन कुस्तीच्या तोंडावर घ्यायचं, म्हणजे सुकवून पुन्हा फुगवायला वेळच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचं किमान वजन ठरवायचं. आधी लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे ना ते बघायचं, मग चरबी मोजायची. चरबी ५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही.

पुतणी: वजन ६६.५. चरबी, त्याचं पोट बघता, १० टक्के धरू. म्हणजे ६.६५ किलो चरबी. बाकीचं अंग ५९.८५. त्यावर कमीत कमी ५ टक्के चरबी ठेवायची तर... भागिले ०.९५. त्रेसष्ट.

काका: म्हणजे?

पुतणी: म्हणजे ६३ च्या खाली तो गेला की मांस जाणार आणि पाणी जाणार. ६१ त्याच्या अंगात नाहीच. १२ टक्के धरलं तरी ६१.६ येतं. आणि दीड टक्का म्हणजे आठवड्याला एक किलो. तीन आठवड्यांत ६३.५.

काका: झालं तर मग.

पुतणी: काही झालं नाही. हेच गणित तुमच्यावरही उलटतं. ६५ साठीसुद्धा दीड किलो उतरवायचंय. तुम्ही त्याला काय सांगितलं असतं? 'दोन रात्री जेवू नको, सकाळी पाणी पिऊ नको, बसशील.'

काका: आम्ही तसंच ऐकत आलो.

पुतणी: दहा-अकरा दिवस लागतील, भात-भाकरी कमी करून, पाणी पुरेसं पिऊन. आजपासून. आणि ती बाटली फेकायची.

काका: कबूल.

पुतणी: आता ७० चं. चाचणी हरला तर ७० ला त्याला काही उतरवायला नको. पोटभर जेवून उभा राहील.

काका: आणि समोर ७३-७४ वरून उतरलेला रेडा. खालच्या अंगाचा पैलवान वर गेला की पट काढायला वाकतो आणि वरून दाबला जातो. मान जाते. मी पाहिलंय.

पुतणी: तो धोका आहे, मी नाकारत नाही. पण सुकलेल्या अंगाने लढण्याचा धोका आणि भरल्या पोटाने हरण्याचा धोका एका मापाचे नाहीत. ७० ला हरेल. दोनदा हरेल. शिकेल. आणि खरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही बोलत नाही. ६५ वाला पदकवाला सरावात कुणाबरोबर लढतो? ह्याच्याबरोबर. हा रुसून कॉलेज सोडून गेला तर त्याला जोडीदार कोण? आणि ह्याला तरी? तालमीत तुम्हीच सांगता, जोडीशिवाय पैलवान होत नाही. संघाची गरज म्हणजे नुसती माझ्या वहीतली बेरीज नाही. रोज संध्याकाळी कोणीतरी समोर उभं राहणं, ही पण संघाचीच गरज आहे. ह्याला एकट्याला सोडून द्या म्हणताना तुम्ही ती विसरता.

काका: ते खरं आहे. आमच्या तालमीत वस्ताद सगळ्यात आधी जोडीदार वाटून द्यायचे, खुराक मागून. पण एक सांगतो. वर जायचं की नाही हे त्याला वर्गात, चार पोरांसमोर विचारायचं नाही. आणि 'नाही' म्हणाला तर?

पुतणी: तर ७० चा रकानाही कोरा जाईल.

काका: आणि मॅट?

पुतणी: फाटक्या मॅटवर आणखी एक वर्ष काढू. सांधे शिवून घेते.

हे बोलताना ती नाराज होती, आणि ती लपवतही नव्हती. मला तिची नाराजी समजते. सहाच पैलवान घेऊन स्पर्धेला जाणाऱ्या शिक्षिकेला इतर कॉलेजांचे दहा-दहा जण ओळीने उभे दिसतात, तेव्हा तिचं चुकलं असं कोणी म्हणत नाही, पण निकालपत्रात तिच्या कॉलेजचं नाव तळाला असतं. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांना दोन-दोन जण मिळतात एका गटात. पेण-रोह्याकडे कबड्डी निम्मी पोरं घेऊन जाते, उरलेल्यांतून संघ जुळवायचा. आणि कबड्डीतही कुमार गटाला वजनाची मर्यादा आहे, तिथलीही पोरं काट्याच्या आदल्या रात्री उपाशी झोपतात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. काकांनी ते मध्येच काढलं होतं, पण पुतणी म्हणाली, एका वेळी एकच भांडण.

शेवटी एका गोष्टीवर त्यांचं जमलं नाही. चाचणी हरून, ७० ला 'नाही' म्हणून जो पोरगा मागे राहील, त्याला सरावाला येऊ द्यायचं का? पुतणीचं म्हणणं, यायलाच हवं, जोडीदार म्हणून. काकांचं म्हणणं, मग त्यालाही इतरांसारखा खुराक आणि प्रवासखर्च मिळायला हवा, नाहीतर त्याच्या अंगाचा उपयोग दुसऱ्याला पदक मिळवून द्यायला आणि त्याला स्वतःला घरची भाकरी. कॉलेज पैसे देतं ते फक्त यादीत नाव असलेल्यांना. तसा नियमच आहे, असं ती म्हणाली. नियम असेल तर बदलायचा अर्ज कर, काका म्हणाले, तोवर त्याचं दूध आणि बदाम गावातल्या तालमीकडून जाईल, मी बघतो. आणि त्याच्या गाडीच्या पासचं?

पुतणीने कागद उलटा केला आणि कासू ते कॉलेज, महिन्याचा पास, असं वर लिहून खाली बेरीज करायला घेतली.